सुझुकी, ब्युएल, हार्ले एकाच वर्गात: वजनाच्या नियमानं खरंच बरोबरी होते का?

आरएक्स_उचगाव:

नमस्कार मंडळी. माझं उचगावला गॅरेज आहे. आरएक्स १००, आरएक्स १३५ आणि एकूणच जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचं काम जास्त येतं. रात्री शटर ओढलं की जेवण करून मोबाईलवर अमेरिकेतल्या एनएचआरए या संघटनेच्या ड्रॅग शर्यती, म्हणजे दोन गाड्यांच्या सरळ रेषेतल्या शर्यती, बघायचा नाद लागलाय. त्यातही प्रो स्टॉक मोटरसायकल हा वर्ग. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, पावणेसात सेकंदांच्या आसपास आणि शेवटाला ताशी ३२० किलोमीटर. टर्बो नाही, नायट्रस नाही. नुसतं इंजिन आणि पेट्रोल यांच्या जोरावर एवढं काढतात, म्हणून हा वर्ग मनापासून आवडतो.

पण एक गोष्ट पचत नाही. एका लेनमध्ये सुझुकी, चार सिलिंडर, साधारण १८५० सीसी. शेजारच्या लेनमध्ये ब्युएल, सिलिंडर दोनच, पण २६२२ सीसी. एवढ्या फरकात सात आरएक्स १०० मावतात! आपल्या राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धेत चेन्नईला वर्ग सीसीवर पडतात, टू-स्ट्रोक वेगळे आणि फोर-स्ट्रोक वेगळे. ज्याची गाडी ज्या वर्गात बसते तिथं तो उतरतो, विषय संपला. इथं मात्र सगळी इंजिनं एकत्र आणि प्रत्येक इंजिनाला किमान वजन वेगळं. वर एखादं इंजिन फार जिंकायला लागलं की हंगाम चालू असतानासुद्धा त्याचं वजन वाढवतात. रात्रंदिवस राबून एखाद्यानं गाडी पळवली, तर त्याला बक्षीस काय, शिशाच्या पट्ट्या?

मला हे लागतं, कारण आमच्या पोरावर असंच बेतलंय. एका स्थानिक स्पर्धेत ऐन सकाळी आयोजकांनी वर्ग बदलले आणि त्याची आरएक्स १३५ दोनशे सीसीच्या फोर-स्ट्रोक गाड्यांत टाकली. कारण विचारलं तर म्हणाले, तुमच्या गॅरेजच्या गाड्या फार जिंकतात. पोरगं एक शब्द न बोलता गाडी टेम्पोत चढवून परत आलं. वीस वर्षांचं पोर आहे, आठ दिवस त्यानं गाडीला हात लावला नाही.

तर जाणकारांनी सांगावं. हे वजन कशावरून ठरतं? आणि ही बरोबरी खरी असते, की लोकांना चुरस दिसावी म्हणून केलेली सोय?

ब्राउन्सबर्गकर:

दादा, तुमच्या पोराचं वाचून वाईट वाटलं. त्याच्यावर शेवटी येतो, आधी मूळ प्रश्न.

मी मूळचा सांगलीचा, आता इंडियानात ब्राउन्सबर्गला राहतो. व्हान्स अँड हाइन्स या नावाजलेल्या टीमचं रेसिंगचं शॉप याच गावात आहे आणि इंडियानापोलिसचा ड्रॅग ट्रॅक घरापासून जवळच. सप्टेंबरच्या सुरुवातीला लेबर डेच्या सुट्टीत तिथं यू.एस. नॅशनल्स ही शर्यत होते, ती मी चुकवत नाही. एनएचआरएची एक फार चांगली पद्धत आहे: साध्या तिकिटावर पिटमध्ये, म्हणजे टीम जिथं गाड्यांचं काम करतात तिथं, हिंडता येतं. उघडून ठेवलेल्या इंजिनापासून दोन हातांवर उभं राहायचं आणि बघायचं. टीव्हीवर जे कळत नाही ते तिथं कळतं.

सीसीचं कोडं आधी सोडवू. इंजिनाची ताकद शेवटी ते मिनिटाला किती हवा ओढतं यावर ठरते. सुझुकीचं चार सिलिंडरचं इंजिन १४ हजार आरपीएमच्या घरात फिरतं. ब्युएलचं व्ही-ट्विन, म्हणजे व्हीच्या आकारात दोन सिलिंडर, आणि पुशरॉडचं, म्हणजे लांब दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणारं इंजिन, थाळीएवढे पिस्टन, ते साधारण १० हजारांपर्यंत जातं. फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं. म्हणजे सुझुकी १.८५ लिटर गुणिले ७ हजार, मिनिटाला १३ हजार लिटरला थोडं कमी. व्ही-ट्विन २.६२ गुणिले ५ हजार, १३ हजारांना थोडं जास्त. आकडे ढोबळ आहेत, पण ७७० सीसी कुठं गेले ते यातून दिसतं. टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकपेक्षा कमी सीसीत ठेवतात ना, त्याच हिशोबाचं हे भावंड आहे.

हा हिशोब कागदावर जुळतो, ट्रॅकवर तंतोतंत जुळत नाही. व्ही-ट्विनचा टॉर्क खालूनच येतो, सुझुकीला क्लच सोडताना आरपीएम चढे ठेवावे लागतात. उरलेला फरक वजनानं भरून काढतात. किमान वजन रायडरसकट धरतात, ६०० पौंडांच्या आसपास, म्हणजे पावणेतीनशे किलोच्या अल्याडपल्याड. बरीच वर्षं चार सिलिंडरला कमी होतं, मोठ्या व्ही-ट्विनला जास्त. रन झाली की गाडी काट्यावर येते. सप्टेंबरच्या उकाड्यात पूर्ण लेदर सूट, हेल्मेट, घामानं निथळणारा रायडर, आणि सगळी टीम त्या आकड्याकडे डोळे लावून उभी. एक पौंड कमी भरलं तरी ती रन बाद. आणि एक पौंड जास्त भरलं तर टीमचा माणूस चडफडतो, कारण तेवढं फुकट वाहून नेलं. हलक्या रायडरच्या गाडीला पट्ट्या लावायला जागा निवडता येते, पुढे की मागे, वर की खाली, आणि ती गाडी सुटते कशी यावर त्याचा मोठा परिणाम होतो. जाडजूड रायडरला ही चैन नाही. तेव्हा तो सुझुकीवर बसला तर किमान वजनापर्यंत खाली यायलाच त्याची दमछाक, म्हणून त्याला व्ही-ट्विन बरी पडायची. तेव्हा वजनाचा नियम नुसता इंजिनांमधला नसतो, तो माणसांमधलाही असतो.

आता न्याय्य का, या प्रश्नाकडे येतो, आणि यावर माझं मत ठाम आहे. लोक वजनावर भांडतात. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे: जिंकणारं इंजिन दुसऱ्याला विकत मिळतं का?

मागचा इतिहास बघा. १९८७ पासून एनएचआरए या वर्गाची पूर्ण हंगामाची अजिंक्यपद स्पर्धा घेते. सुरुवातीची कितीतरी वर्षं जपानी चार सिलिंडरचं राज्य होतं. १९९७, ९८, ९९ मॅट हाइन्स सुझुकीवर. मग २०००, २००१, २००२ अँजेल सॅम्पी सुझुकीवर, सलग तीन वेळा, एक बाई सगळ्यांना मागे टाकून. पण अमेरिकेत मोटरसायकल म्हणजे हार्ले असं मानणारा प्रेक्षक फार मोठा आणि त्याची गाडी मैदानात नाही. २००२ मध्ये हार्लेनं व्हान्स अँड हाइन्सला हाताशी धरून व्ही-रॉड उतरवली. शोरूममधली व्ही-रॉड ११३० सीसीची, वर कॅमशाफ्ट असलेली, पोर्शेच्या मदतीनं बनवलेली. ड्रॅगची व्ही-रॉड २६२२ सीसीची, पुशरॉडवाली. दोघींत नाव आणि अंगावरचे पत्रे सोडले तर फार काही सारखं नव्हतं. सुझुकीसुद्धा जुन्या जीएस इंजिनाच्या वंशातली, त्यामुळे 'स्टॉक' हा शब्द दोन्हीकडे नावापुरताच. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

२००४ ते २०१९ या काळात व्हान्स अँड हाइन्सनं हार्लेला १० अजिंक्यपदं मिळवून दिली, अँड्र्यू हाइन्स आणि एडी क्रॅविएक या दोघांनी मिळून. दोघेही अव्वल रायडर, त्यात वाद नाही. पण ते इंजिन फक्त त्यांच्याच तंबूत होतं. तुमच्याकडे पैसे असोत, अक्कल असो, पन्नास वर्षांचा अनुभव असो, ते तुम्हाला मिळणार नव्हतं. ब्युएलवाल्यांचं तसं नव्हतं. विस्कॉन्सिनच्या एस अँड एस कंपनीकडून इंजिन घ्या, स्वतःचं डोकं चालवा. मॅट स्मिथसारखा माणूस सहा वेळा अजिंक्य झाला, त्यातली बरीच अजिंक्यपदं याच दारातून. व्ही-रॉडला मात्र असं दारच नव्हतं. त्या वर्षांत पिटमध्ये लोक धुसफुसत, ते मला पूर्ण पटायचं. हार्लेवर १० पौंड चढवले काय, २० चढवले काय, बाकीच्यांच्या हातात काय आलं? पुढच्या हिवाळ्यात त्यांना सुधारायला काहीच मिळालं नाही, फक्त समोरचा थोडा मागे ओढला गेला.

आता उलट उदाहरण घ्या. हार्लेनं २०२० नंतर हात काढून घेतला आणि व्हान्स अँड हाइन्स परत सुझुकीकडे आले. त्यांचं चार व्हॉल्व्हचं हेड, इंजिन, सगळं इतर टीमना विकत मिळतं. २०२३ मध्ये त्यांच्या गेज हरेरानं १५ पैकी ११ शर्यती जिंकल्या. त्या हंगामाच्या शेवटापासून २०२४ च्या मध्यापर्यंत सलग ११ जिंकला. लगेच आरडाओरडा सुरू झाला: सुझुकीला वजन लावा. पण सुझुकी तर कितीतरी जण चालवत होते! त्याच्याच शेजारी, त्याच तंबूत, चार वेळचा अजिंक्यवीर क्रॅविएक सुझुकीवरच होता. ११ हरेरानं नेल्यावर बाकी सगळ्यांना मिळून ४ उरल्या. मग हे सुझुकीचं यश कसं? ते हरेराचं आणि त्याच्या गाडीशी झटणाऱ्या माणसांचं यश. अशा वेळी अख्ख्या सुझुकीवर वजन चढवलं तर मागे धडपडणारा, घर गहाण ठेवून इंजिन घेतलेला सुझुकीवालाच आधी मरतो. हरेरा वजन घेऊनही जिंकतो, तो बिचारा पात्रता फेरीतच बाहेर पडतो.

मृणाल_अहिल्यानगर:

मी पॉलिटेक्निकला मेकॅनिकल शिकवते, शर्यतींची जाणकार नाही. पण १० पौंडांनी नेमकं काय होतं, हा हिशोब करून बघितला.

पाव मैलाचा वेळ वजन भागिले ताकद याच्या घनमुळाच्या प्रमाणात जातो, हा जुना आणि बऱ्यापैकी खरा ठरणारा नियम आहे. ६२० पौंडांवर १० पौंड म्हणजे १.६ टक्के. घनमुळामुळे वेळेत त्याचा तिसरा भाग, अर्ध्या टक्क्याहून जरासा जास्त. ६.८ सेकंदांवर हे ०.०३ ते ०.०४ सेकंद होतात. ऐकायला काहीच नाही. पण शेवटाला गाडी सेकंदाला ८९ मीटर जात असते, म्हणजे अंतर निघालं सव्वातीन मीटर. पुढचं चाक नव्हे, अख्खी गाडी मागे!

यात रायडरचा भाग मिळवा. सुटण्याची लाईट पडते तेव्हा तिन्ही पिवळे दिवे एकदम लागतात आणि ०.४ सेकंदांनी हिरवा. चांगल्या रायडरची आणि बऱ्या रायडरची सुटण्यातली तफावतही अशीच, सेकंदाच्या दोन-चार शतांशांची. म्हणजे १० पौंड लावणं हे एखाद्या रायडरची वर्षानुवर्षांची लाईटवरची मेहनत पुसून टाकण्याइतकं आहे. हा आकडा काढल्यावर मी जरा थबकलेच.

तरीही ब्राउन्सबर्गकरांशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. विकत मिळतं का, ही कसोटी श्रीमंताला सोपी. वजन मोजायला फक्त काटा लागतो, आणि काटा सगळ्यांना एकच उत्तर देतो. सीसी बदलायला लावा, इंजिन नवं करावं लागेल. हवेची वाट अरुंद करा, ट्यूनिंग पहिल्यापासून. पट्टी काढणं-लावणं हे दहा मिनिटांचं काम. गरीब टीमला परवडणारं हेच एक साधन आहे, ते हातचं जाऊ देऊ नये.

लिटरबाइक_पुणे:

वर्ल्ड सुपरबाइकमध्ये, म्हणजे वळणावळणाच्या ट्रॅकवरच्या जागतिक स्पर्धेत, हे सगळं होऊन गेलंय, म्हणून लिहितो. तिथं बरीच वर्षं नियम असा होता: चार सिलिंडर ७५० सीसी, दोन सिलिंडर १००० सीसी. ड्युकाटीनं त्यावर जिंकून जिंकून थकवलं. शेवटी होंडानं काय केलं? व्ही-फोरमध्ये ज्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, त्या होंडानं स्वतःची १००० सीसीची व्ही-ट्विन काढली आणि २००० साली कॉलिन एडवर्ड्स तिच्यावर अजिंक्य झाला. नियम एका बाजूला कलला की कंपन्या भांडत बसत नाहीत, त्या बाजूला जाऊन उभ्या राहतात. पुढं चार सिलिंडरना १००० करून दिले, तेव्हा ड्युकाटीनं १२०० मागून घेतले, २००८ पासून.

नंतर तिथं आरपीएमवर मर्यादा आली, प्रत्येक कंपनीला वेगळी. २०१९ ला बाउटिस्टानं ड्युकाटीवर पहिल्या ११ रेस ओळीनं जिंकल्या आणि ही ओळ चालू असतानाच ड्युकाटीचे २५० आरपीएम कापले. त्या वर्षी अजिंक्यपद गेलं जोनाथन रेच्या कावासाकीकडे. माझं म्हणणं, कापा, हरकत नाही. पण कधी कापणार, किती कापणार, कशावरून कापणार, हे पहिल्या रेसच्या आधी छापून द्या. वर्ल्ड सुपरबाइकमध्ये निदान ते नियमात लिहिलेलं होतं. ड्रॅगमध्ये एनएचआरएचं पत्रक येतं आणि पुढच्या शर्यतीपासून वजन बदललेलं असतं, हे मला पटत नाही. मधल्या मध्ये हात घातला की जिंकणाऱ्यालाही आनंद नाही आणि हरणाऱ्यालाही समाधान नाही.

बजाजवाला_चाकण:

एवढी डोकेफोड कशाला? सगळ्यांना एकच इंजिन द्या, ज्याचं मनगट चालेल तो जिंकेल.

आरएक्स_उचगाव:

सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मॅडम, तुमचा हिशोब पोराला वाचून दाखवला. सव्वातीन मीटर ऐकून तो वहीच घेऊन बसलाय.

चाकणकर भाऊ, एकच इंजिन दिलं तर आम्ही गॅरेजवाल्यांनी काय करायचं? पोर्टिंग, हेड, सायलेन्सरचं माप, हेच तर आमचं सगळं. सुझुकीनं ब्युएलला मारलं, ब्युएलनं सुझुकीला मारलं, याच्यासाठीच मी रात्री जागतो. वेगवेगळी इंजिनं एकत्र पळाली पाहिजेत, यावर माझं दुमत नाही. आवाजसुद्धा किती वेगळा! सुझुकी किंचाळत जाते आणि ब्युएल छातीवर आदळते.

ब्राउन्सबर्गकर साहेब, एक शंका राहते. वजन जिंकण्यावरून लागणार असेल, तर शहाणा ट्यूनर मुद्दाम हळू पळेल. आमच्याकडे पात्रता फेरीत हात आखडून पळणारे पुष्कळ. मग एनएचआरएला खरं कळतं कसं?

ब्राउन्सबर्गकर:

दादा, लपवाछपवी तिथंही चालते. पण जिंकण्या-हरण्यावर जो विसंबेल तोच फसेल. २००८ ला क्रॅविएक अजिंक्य झाला तो त्या अख्ख्या वर्षात एकही शर्यत न जिंकता, नुसतं सातत्यानं पुढच्या फेऱ्या गाठून. शर्यती मोजून इंजिन तोलायला गेलं असतं तर त्या वर्षी हार्लेला वजनात सूट द्यावी लागली असती!

खरं सांगते ती टाइम स्लिप. प्रत्येक रनचा कागद मिळतो: ६० फुटांवर, ३३० वर, ६६० वर, १००० वर आणि शेवटाला. ६० फुटांचा वेळ क्लच, टायर आणि रायडरचा. पुढची वाढ इंजिनाची. लपवणारा सहसा शेवटाच्या थोडं आधी थ्रॉटल सोडतो, त्यामुळे शेवटचा वेग कमी दिसतो. पण अर्ध्या ट्रॅकवरचा, ६६० फुटांचा वेग बघितला की चोरी कळते, कारण तिथंही हात आखडला तर पुढं जिंकणंच अवघड होतं. शिवाय तुलना एकाच दिवसाची, एकाच ट्रॅकची हवी. डेन्व्हरजवळचा बँडिमिअरचा ट्रॅक २०२३ पर्यंत चालू होता, समुद्रसपाटीपासून ५८०० फुटांवर. तिथं हवाच विरळ, सगळ्यांचेच आकडे पडायचे. तो आकडा इंडियानापोलिसच्या आकड्याशेजारी ठेवून काही ठरवणं म्हणजे अन्याय.

आणि दुसरं, एकट्या वरच्या गाडीकडे बघू नये. त्या इंजिनाच्या चार-पाच गाड्यांचा मधला आकडा घ्यावा. एकच पुढं असेल तर ती माणसाची करामत, तिला हात लावू नका. पाचही पुढं असतील तर इंजिनाला खरंच झुकतं माप मिळालंय, तिथं वजन लावा. व्ही-रॉड बहुतेक वेळा दोनच आणि दोन्ही एका घरच्या, त्यामुळे हा मधला आकडा काढायची सोयच नव्हती. म्हणून म्हणतो, जे विकत मिळत नाही ते मोजताही येत नाही. मृणालताई, काटा गरिबाला परवडतो हे तुमचं म्हणणं मी मान्य करतो. फक्त काट्यावर किती चढवायचं हे ठरवायला त्या पाच गाड्या आधी लागतात.

पुण्याच्या मित्राचंही खरं आहे. तारीख आधी जाहीर हवी. हंगामाच्या मध्यावर एकदा, ठरलेल्या शर्यतीनंतर, ठरलेल्या सूत्रानं. एवढं झालं तरी अर्धी भांडणं मिटतील.

आता तुमच्या पोराचं. त्याच्यावर झालं ते एनएचआरएच्या वजनासारखं नव्हतंच. तिथं निदान इंजिनाचं नाव घेऊन नियम बदलतो, तुमच्याकडे गॅरेजचं नाव घेऊन बदलला. टू-स्ट्रोक १३५ आणि फोर-स्ट्रोक २०० एकत्र पळवायला माझी तत्त्वतः हरकत नाही, हवेचा हिशोब वर दिलाच आहे. पण मग सगळ्याच १३५ तिथं गेल्या पाहिजेत, एकट्या उचगावच्या नव्हेत, आणि फॉर्म भरायच्या आधी. पुढच्या स्पर्धेला प्रवेश फी भरण्यापूर्वी वर्गांचा छापील कागद मागून घ्या, त्यावर आयोजकांची सही घ्या. आणि त्या दिवशीच्या सगळ्या आरएक्सच्या टाइम स्लिपा असतील तर इथं टाका, आपण मिळून मधला आकडा काढू.

आरएक्स_उचगाव:

आमच्या तीन गाड्यांच्या स्लिपा आहेत, उद्या फोटो काढून टाकतो. इचलकरंजीच्या दोघांकडेही मागतो, त्यांच्या गाड्यांचं काम आमच्याकडचं नाही. आमच्याकडच्या स्लिपांवर ६० फुटांचा आकडा नसतो, फक्त शेवटचा वेळ आणि वेग. चालेल का?

मृणाल_अहिल्यानगर:

चालेल. वेळ आणि वेग दोन्ही असले की सुटण्यातला भाग आणि इंजिनाचा भाग ढोबळमानानं वेगळा करता येतो. रायडरसकट वजनं मात्र प्रत्येकाची लिहून पाठवा, अंदाजे नको, काट्यावर घालून.